छापायला देण्याआधी

“फाइल तयार आहे, फक्त छापायचं राहिलंय,” असं म्हणत लेखक पेन ड्राइव्ह पुढे करतात. पुण्यात अक्षरजुळणी, मांडणी आणि मुद्रितशोधन करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता नुसती मान डोलावते आणि फाइल उघडते. मजकूर बहुधा पूर्ण असतो, लिखाणही चांगलं असतं. राहिलेले असतात ते निर्णय. ‘सांगितले’ ठेवायचं की ‘सांगितलं’? पुस्तक डेमी की क्राउन? मध्येच आलेली ती कविता छापायला कुणाला विचारलंय का? हे निर्णय कधीतरी, कुणालातरी घ्यावेच लागतात. वर्डच्या फाइलमध्ये घेतले तर खर्च शून्य. पानं लावून झाल्यावर घेतले तर कामाचे तास वाढतात, प्लेटा निघाल्यावर घेतले तर पैसे जातात, आणि छापून झाल्यावर लक्षात आलं तर शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवण्यापलीकडे हातात काही उरत नाही. पुढचे सगळे मुद्दे या एकाच हिशोबातून आले आहेत.

१. आधी युनिकोड, फॉन्ट मागाहून

मराठी पुस्तकं कितीतरी वर्षं श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या फॉन्टांत टाइप झाली आणि त्यांची पानं पेजमेकरमध्ये लागली. त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत आणि बसवण्याची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी. त्यामुळे ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही, तिथे अख्खं प्रकरण इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा होऊन उघडतं. युनिकोडमध्ये अक्षराचा क्रमांक कायम राहतो; फॉन्ट बदलला तरी मजकूर शाबूत असतो. म्हणून नवं लिखाण युनिकोडमध्येच करावं.

जुनी फाइल कन्व्हर्टरमधून काढली, की काम संपलं असं समजू नये. रूपांतरात अडखळायच्या जागा ठरलेल्या आहेत : रफार शेजारच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी सरकते, ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो, अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच अक्षर येतं आणि मजकुरातला इंग्रजी शब्द देवनागरीत निरर्थक होऊन बसतो. मूळ प्रत शेजारी ठेवून एकदा सगळं वाचून काढावं लागतं. याला आडवाट नाही.

आणि हस्तलिखित म्हणून पीडीएफ देऊ नये. देवनागरी पीडीएफमधून मजकूर उचलला तर काने-मात्रे इकडचे तिकडे होतात. मुळातली वर्डची फाइलच द्यावी, सोबत पीडीएफ असली तर ताडून पाहायला बरी पडते.

२. डोळ्यांना सारखं दिसणारं संगणकाला सारखं नसतं

‘शेतकऱ्यांचा’मधला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरलेलं असतं, दुसऱ्यात साध्या र-हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह असतं. कागदावर फरक दिसत नाही, पण ‘शोधा’ म्हटलं की संगणक एकाच पद्धतीचे शब्द दाखवतो. नाव बदलायचं असेल तर निम्म्या जागी बदलतं, निम्म्या जागी जुनंच राहतं. तिसरी, म्हणजे रफाराची पद्धत तर सरळ चूकच, कारण दऱ्यांचा दर्या होतो आणि आचाऱ्यांचे आचार्य. ‘ॲ’चंही तसंच. युनिकोडमध्ये ॲ हे अक्षर २००८ साली आलं. त्याआधीच्या सवयीने अजूनही कुणी अ-वर चंद्र देतात, कुणी हिंदीतला ऍ वापरतात. एका पुस्तकात एकच ठेवावा.

सगळ्यात जास्त सापडणारी भानगड विसर्गाची. ‘उदाहरणार्थ’नंतर अपूर्णविरामाची दोन टिंबं हवी असतात आणि बोट जातं विसर्गाच्या कळीवर. मजकुरात ती दोन टिंबं मागच्या अक्षराला चिकटून बसतात, शिरोरेघेखाली जराशी वेगळी दिसतात, आणि पडद्यावर वाचताना कुणाच्या नजरेत येत नाहीत. मग उत्साहाने ‘सगळे विसर्ग बदला’ असा आदेश दिला, की दुःख, अंतःकरण आणि निःशब्द यांच्या मधोमध अपूर्णविराम उभा राहतो. विसर्गापुढे मोकळी जागा असेल तेवढेच बदलू, असं म्हणावं तर ‘स्वतः’ आणि ‘विशेषतः’ आडवे येतात. म्हणून असे बदल एकेक बघून करायचे. ‘सगळे बदला’ हे बटण मी फक्त दोन कामांना वापरते : दुहेरी स्पेसची एकेरी करायला, आणि पूर्णविराम-स्वल्पविरामाआधीची स्पेस काढायला.

३. मजकुराची भाषा मराठी आहे, हे संगणकाला सांगा

६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवले. पुष्कळ युनिकोड फॉन्टांत मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणं असतात. कोणतं दाखवायचं ते मजकुरावर लावलेल्या भाषेवरून ठरतं. भाषा हिंदी किंवा इंग्रजी राहिली तर सबंध पुस्तकात दांडीचा ल आणि गाठीचा श छापून येतो. वाचणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण पान परकं वाटतं. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू हे फॉन्ट मराठी वळण डोळ्यांसमोर ठेवूनच केलेले आहेत.

इनडिझाइनमध्ये आणखी एक गोष्ट बघावी लागते. तिथे वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू नसेल तर जोडाक्षरं फुटतात, हलन्त सुटे दिसतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. नवा फॉन्ट घेतला की मी आधी ठरलेले शब्द टाकून बघते : विद्यार्थ्यांच्या, उद्ध्वस्त, हृदय, शृंगार, दुसऱ्या, ॲलर्जी, बाळ, लक्ष. हे नीट उमटले तर पुढे जायचं. एखादा अडला तर फॉन्ट कितीही देखणा असो, त्याला नमस्कार.

४. एक पानाचं शैलीपत्रक करा

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम अठरा आहेत : १९६२चे चौदा आणि १९७२मध्ये वाढवलेले चार. ऱ्हस्व-दीर्घाचे बरेचसे वाद त्यांत मिटतात, उरलेल्यांसाठी हाताशी अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ किंवा मो. रा. वाळंबे यांचं पुस्तक असावं. पण कोणत्याही कोशात न सापडणारे प्रश्न प्रत्येक पुस्तकाचे स्वतःचे असतात. निवेदन ‘गेले, केले’ असं चालणार की ‘गेलं, केलं’? आकडे अंकांत की अक्षरांत? गावाकडच्या संवादातलं ‘व्हय’ तसंच ठेवायचं ना? लेखकाचा आग्रह असलेलं एखादं रूप नियमाबाहेरचं असेल तर तेही लिहून ठेवावं, नाहीतर मुद्रितशोधक ते इमानेइतबारे दुरुस्त करतो, लेखक पुन्हा पहिल्यासारखं करून घेतो आणि तीन प्रुफं याच ओढाताणीत जातात.

या पत्रकात माणसांची नावं जरूर घ्यावीत. आत्मचरित्रात एकच आत्या पहिल्या प्रकरणात ‘सुशीलाआत्या’ आणि सातव्यात ‘सुशिला आत्या’ असते. आद्याक्षरांमध्ये न तुटणारी स्पेस टाकावी, म्हणजे ‘ग. दि.’ ओळीच्या शेवटी आणि ‘माडगूळकर’ पुढच्या ओळीत असं होत नाही.

५. वर्डमध्ये सजावट करू नका

चौकटी, रंगीत शीर्षकं, प्रत्येक प्रकरणाला वेगळा फॉन्ट असं सजवून आणलेल्या फाइलवर लेखकाने बरीच मेहनत घेतलेली असते आणि मांडणीत ती सगळी पुसावी लागते. नव्या पानासाठी दहा वेळा एंटर आणि परिच्छेदाच्या सुरुवातीला पाच वेळा स्पेसबार हे त्याहून त्रासाचं. वर्डमध्ये स्टाइल नावाची सोय आहे. प्रकरणाचं नाव, उपशीर्षक, मजकूर, उतारा, कविता अशा पाच-सहा स्टाइल लावल्या की पानं लावणाऱ्याला कळतं कोणतं काय आहे. तिरपं किंवा ठळक अक्षर खरोखर हवं असेल तिथेच ठेवावं. कवितेच्या ओळी कुठे तुटतात आणि कडवं कुठे संपतं, हे मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं. पानं लावणाऱ्याला ते अंदाजाने कळत नाही.

अख्खं पुस्तक एकाच फाइलमध्ये, प्रकरणं क्रमाने, आणि फाइलच्या नावात तारीख. ‘फायनल’ हा शब्द नावात घालू नये, कारण त्यानंतर ‘फायनल नवीन’ येतेच.

६. फोटो आणि परवानग्या मजकुरासोबतच

फोटो छापायला छपाईच्या आकारात इंचाला ३०० ठिपके लागतात. चार इंच रुंद छापायचा असेल तर रुंदी १,२०० पिक्सेल हवी. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो आक्रसतो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. वर्डमध्ये चिकटवलेल्या फोटोचाही भरवसा नाही. मूळ फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये क्रमांक देऊन ठेवाव्यात आणि मजकुरात ‘येथे फोटो ७’ एवढंच लिहावं. वर्तमानपत्रातलं कात्रण स्कॅन केलं तर छापील ठिपक्यांवर पुन्हा ठिपके पडून जाळी दिसते. म्हणून मूळ फोटो मिळतोय का ते आधी बघावं.

दुसऱ्याची कविता किंवा लांब उतारा घेतला असेल तर परवानगीचं पत्र हातात आल्याशिवाय पानं लावायला देऊ नये. आपल्या १९५७च्या कायद्यानुसार साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. वारसांनी ऐनवेळी नाही म्हटलं तर कविता काढावी लागते, पुढची पानं वर सरकतात आणि लागलेलं प्रकरण पुन्हा लावावं लागतं.

७. पानांची संख्या आपण म्हणू ती नसते

ऑफसेटवर पुस्तक फॉर्मच्या हिशोबाने छापतात आणि फॉर्म बहुधा सोळा पानांचा असतो. पुस्तक १९६ पानांचं झालं तर बारा फॉर्म म्हणजे १९२ पानं आणि वर चार पानांचं शेपूट. त्या चार पानांसाठी वेगळी प्लेट, वेगळी छपाई आणि बांधणीत एक जादा पदर. अशा वेळी मजकूर १९२मध्ये बसवता येतो का ते आधी बघतात. प्रकरणाच्या शेवटी दोन-तीन ओळींनी अडवलेलं पान असतं, मनोगत दीड पानाचं असतं, आरंभी एखादं पान कोरं जात असतं. लेखकाने चार ठिकाणी एकेक वाक्य कापलं तर अख्खं पान सुटतं आणि त्याने स्वतः कापलेलं मजकुराला मानवतंही. हा हिशोब पहिल्या प्रुफाच्या वेळीच मांडायला हवा.

अंदाज बांधायला सोपा आहे. डेमी आकाराच्या, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांच्या पानावर १२ पॉइंटाच्या अक्षरात साधारण २८० ते ३०० शब्द बसतात. पन्नास हजार शब्दांचं पुस्तक आरंभीची पानं धरून १८०च्या आसपास जातं. पानं वाचवायला ओळी मात्र दाबू नयेत. देवनागरीत वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असे दोन्हीकडे पाहुणे असतात, त्यामुळे १२ पॉइंटाच्या अक्षराला १६-१७ पॉइंटांची ओळ लागते. १४वर आणली तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. बांधणीकडचा समासही बाहेरच्यापेक्षा मोठा हवा. जाड पुस्तकात आतल्या बाजूची अक्षरं शिवणीत जातात.

८. प्रूफ कागदावर वाचा आणि अनेकदा थोडं थोडं वाचा

पडद्यावर वाचलेलं प्रूफ मी वाचलेलं धरत नाही. पहिलं प्रूफ मूळ प्रतीशी ताडून वाचायचं. एकाने मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने प्रत धरावी, म्हणजे गळलेली ओळ सापडते. दुसऱ्या प्रुफात आधी पहिल्यातल्या दुरुस्त्या झाल्या का ते बघायचं आणि प्रत्येक दुरुस्तीच्या खालच्या चार ओळी वाचायच्या, कारण एक शब्द वाढला की परिच्छेदाची शेवटची ओळ पुढच्या पानावर एकटी जाऊन पडते. दुरुस्त्या तिघांनी सुचवल्या असतील तर त्या एकानेच एका प्रतीवर उतरवाव्यात. तीन प्रती ऑपरेटरच्या टेबलावर गेल्या की परस्परविरोधी खुणांचा निवाडा तो करतो, आणि ते त्याचं काम नाही.

शेवटी पुस्तक वाचायचं नाही, तपासायचं. एकदा फक्त पानांचे क्रमांक, एकदा फक्त पानांच्या डोक्यावरची प्रकरणांची नावं, एकदा फक्त फोटोओळी. बारीक टाइपातली चूक सापडते, मोठ्या अक्षरातली राहते. शीर्षकपान, कणा आणि मलपृष्ठ ज्याने आधी पाहिलेलं नाही अशा माणसाला दाखवावं.

दुसऱ्या प्रुफानंतर लेखकाने नवं लिहू नये. हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण छापील वळणात पाहिलं की आपलंच वाक्य नव्याने दिसतं आणि हात शिवशिवतो. नवं सुचलेलं एका वहीत उतरवून ठेवावं. पुढच्या आवृत्तीत त्यातलं निम्मं नको वाटतं.

९. सूची सर्वांत शेवटी, आणि तिचा क्रम डोळ्यांनी

अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे आणि शेवटची नामसूची पानं पक्की झाल्यावरच भरायची. सूची संगणकाकडून अकारविल्हे लावून घेतली तरी तपासावी. मराठी वर्णमालेत ळ हा ह-नंतर आणि त्यापुढे क्ष, ज्ञ. संगणक बऱ्याचदा ळ-ला ल-च्या पाठोपाठ बसवतो, क्ष-ला क-खाली आणि ज्ञ-ला ज-खाली. वाचक ‘ज्ञानेश्वर’ शेवटी शोधतो आणि सापडलं नाही की सूचीतच नाही असं समजतो.

१०. आरंभीची पानं कुणाच्या तरी भरवशावर सोडू नका

अर्धशीर्षक, शीर्षकपान, त्याच्या मागे प्रकाशनाची माहिती, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मनोगत, अनुक्रमणिका : ही पानं सगळ्यात घाईने होतात. प्रस्तावना उशिरा येणार असेल तर तिच्यासाठी पानं राखून ठेवावीत आणि आरंभीच्या पानांना एक, दोन, तीन असे अक्षरी क्रमांक द्यावेत. मग ती वाढली तरी मुख्य मजकुराचे आकडे हलत नाहीत.

आयएसबीएन केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो, तोही विनामूल्य. अर्ज वेळेवर करावा, आणि कापडी बांधणी, साधी बांधणी, ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात हे लक्षात ठेवावं. प्रकाशनाच्या पानावर वर्ष आणि आवृत्ती बिनचूक हवी. १९५४च्या कायद्याप्रमाणे पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, तसंच मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांत प्रकाशकाने पाठवायची असते; तिथल्या नोंदीत या पानावर जे छापलंय तेच जातं.

११. मुखपृष्ठ कागद ठरल्यावर, आणि पीडीएफ दुसऱ्या संगणकावर

मुखपृष्ठाचं चित्र केव्हाही करा, पण त्याची छपाईची फाइल कागद ठरल्याशिवाय होत नाही, कारण कण्याची रुंदी कागदावर अवलंबून असते. १९२ पानं म्हणजे ९६ पत्रं. कागद पत्राला एक दशांश मिलिमीटर जाडीचा असेल तर कणा सुमारे साडेनऊ मिलिमीटर. तेवढ्याच जीएसएमचा पण फुगीर नॅचरल शेड घेतला तर कणा वाढतो आणि कण्यावरचं नाव मुखपृष्ठावर ओघळतं. छापखान्याकडून त्याच कागदाची कोरी डमी मागून पट्टीने मोजावी. कडेला चारही बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड ठेवावं.

अंतिम पीडीएफमध्ये सगळे फॉन्ट एम्बेड झालेत का ते बघायचं, आणि आतल्या पानांतला काळा हा फक्त काळ्या शाईचा आहे ना तेही. वर्डमधून थेट काढलेल्या पीडीएफमध्ये तो बऱ्याचदा आरजीबी असतो. प्लेट काढताना त्याची करडी छटा झाली तर अक्षरांच्या कडा ठिपक्याठिपक्यांच्या उमटतात. ही पीडीएफ ज्याच्यावर पानं लावली नाहीत अशा संगणकावर उघडून, छापून, जोडाक्षरांनी गच्च भरलेली दोन पानं वाचावीत.

१२. ओपन फाइल मागून घ्या

पुस्तक हातात आलं की फाइलची कुणाला आठवण राहत नाही. तीन-चार वर्षांनी आवृत्ती संपते, तेव्हा पीडीएफ असते पण दुरुस्ती करता येईल अशी फाइल नसते. ऑपरेटरने काम बदललेलं असतं, नाहीतर फाइल पेजमेकरची असते आणि तो फॉन्ट कुठे मिळत नाही. मग पुस्तक पुन्हा पहिल्या अक्षरापासून टाइप होतं आणि नव्या चुका घेऊन येतं. म्हणून काम ठरवतानाच लिहून घ्यावं : मांडणीची ओपन फाइल, मूळ चित्रं, वापरलेल्या फॉन्टांची नावं, मुखपृष्ठ आणि अंतिम पीडीएफ लेखकाला किंवा प्रकाशकाला मिळेल. शेवटच्या प्रुफातल्या दुरुस्त्या मूळ वर्डच्या फाइलमध्येही उतरवून घ्याव्यात. ई-पुस्तक करायचं झालं तर तीच उपयोगी पडते.

छापलेल्या प्रतींपैकी एक प्रत कुणालाही भेट न देता स्वतःकडे ठेवावी. वाचकांनी कळवलेल्या आणि आपल्याला सापडलेल्या चुका तिच्यावर तांबड्या पेनाने, पानाच्या समासात नोंदवत जाव्यात. दुसऱ्या आवृत्तीच्या दिवशी ऑपरेटरला ओपन फाइलसोबत ही प्रत दिली, की पुढचं काम एका बैठकीचं उरतं.